पाना कुठून घालायचा?

पंख नकोत. शेपटाला कल्ले नकोत. धूर नको, ज्वाळा नकोत, आणि रॉकेट तर अजिबात नको. १९६४ साली जीन रॉडनबेरीने मॅट जेफ्रीजला एका अंतराळयानाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्याच्या अटी साधारण अशा होत्या. यान कसं नसावं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कसं असावं याबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. ताकदवान दिसावं, फार लांब जाणारं असावं, आत शे-दोनशे माणसं वर्षानुवर्षं राहतील एवढं मोठं असावं. बस्स. ‘हे नाही, तेही नाही’ असं म्हणत वस्तूपाशी पोचायची रीत आपल्याला उपनिषदांपासून ओळखीची आहे. पण त्या ऋषींच्या मागे स्टुडिओचं वेळापत्रक लागलेलं नव्हतं.

रॉडनबेरीच्या टीव्ही मालिकेचं नाव ‘स्टार ट्रेक’, यानाचं नाव ‘एंटरप्राइज’. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर मालिका सुरू झाली, तीन हंगामांत ७९ भाग झाले आणि १९६९ मध्ये ती गुंडाळली गेली. आमच्याकडे ती आली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. आमच्या टीव्हीला रंग नव्हता. त्यामुळे लाल सदरा घातलेला खलाशी परक्या ग्रहावर उतरला की हमखास मरतो, हा त्या मालिकेचा जगप्रसिद्ध नियम आम्हाला फार उशिरा कळला. आमच्याकडे मरणारे आणि वाचणारे सगळेच करडे. यानाचं मात्र त्यात काही बिघडलं नाही. ते मुळातच करडं होतं.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे एक मोठी चपटी तबकडी. तिच्या खालून मागे झुकत जाणारी बारीक मान. मान संपते तिथे लांबट, निमुळतं धड, आणि धडाच्या तोंडावर अँटेनासारखी एक वाटी. धडाच्या मागच्या बाजूने दोन तिरके खांब वर निघतात आणि त्यांच्या टोकांवर दोन लांबलचक नळकांडी बसवलेली असतात. ती इंजिनं. असं एकेक करून सांगितलं तर ते कुणीतरी अडगळीच्या खोलीतल्या वस्तू जोडून केल्यासारखं वाटतं. पडद्यावर ते दोन सेकंद दिसलं तरी जहाज वाटतं. आत माणसं आहेत, कुणीतरी पहाऱ्यावर आहे, कुणीतरी झोपलेलं आहे, असं वाटतं. गेली साठ वर्षं जगभरच्या प्रेक्षकांना ते तसंच वाटत आलेलं आहे, आणि याचं कारण यानाच्या सौंदर्यात शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

मी बरीच वर्षं भोसरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंगवर ब्लेडने खरवडून काढलेल्या रेषा आणि अमोनिया प्रिंटचा नाकात झोंबणारा वास. आमचे हेड ड्राफ्ट्समन ट्रेसिंग तपासायला घेत तेव्हा मापं नंतर बघत. आधी एखाद्या बोल्टवर पेन्सिलीचं टोक टेकवून विचारत, “इथे पाना कुठून घालायचा?” बोल्ट काढणं सोपं असतं, एक षटकोन आणि दोन वर्तुळं. त्या बोल्टपर्यंत फिटरचा हात पोचेल का, पोचला तर पाना निदान साठ अंश फिरेल का, निसटलेला वॉशर कुठे जाऊन पडेल, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. पण त्याचा विचार झालाय की नाही हे जाणत्याला पहिल्या नजरेत कळतं. माझं म्हणणं असं की, ते न जाणत्यालाही कळतं, फक्त त्याला काय कळलं ते सांगता येत नाही. एंटरप्राइजवर बसणारा विश्वास या जातीचा आहे. ज्याने ते काढलं त्याने पान्याचा विचार केला होता.

जेफ्रीज चित्रपटांच्या कलाविभागात आला तो विमानांच्या वाटेने. जन्म १९२१चा. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बर विमानांवर होता. पुढे विमानांची चित्रं काढू लागला, आणि स्वतःचं म्हणून त्याच्याकडे एक जुनं, वर-खाली पंखांचं वेको विमान होतं. रॉडनबेरीनेही युद्धात बी-१७ चालवलेलं. म्हणजे हे दोघे ज्याची कल्पना करत होते ते यान हवेतलं असलं, तरी यंत्राच्या पोटात बसून त्याच्या आवाजावर कान ठेवण्याचा अनुभव दोघांच्या गाठीशी होता. विज्ञानकथेच्या क्षेत्रात तेव्हा असा अनुभव असलेली माणसं कमी आणि भडक मुखपृष्ठं काढणारी जास्त होती.

जेफ्रीजने सुरुवात केली ती इतरांनी काय केलंय ते गोळा करण्यापासून. बक रॉजर्स, फ्लॅश गॉर्डन, विमान कंपन्यांची भविष्यचित्रं, नासाकडून आलेली चित्रं, जे हाती लागलं ते त्याने समोर मांडलं आणि ठरवलं की यातलं काहीच करायचं नाही. मग रेखाटनांवर रेखाटनं. माणसं राहण्याचा भाग आधी गोल होता, चेंडूसारखा. दाब सहन करायला गोल उत्तम, हे कुणीही इंजिनिअर सांगेल. पण चेंडू वेगात जाताना दिसत नाही. तो नुसता घरंगळेल असं वाटतं. म्हणून तो दाबत दाबत चपटा झाला आणि त्याची तबकडी झाली. इथे इंजिनिअर हरला आणि टीव्ही जिंकला, आणि ते बरंच झालं. छोट्याशा, मुंग्या येणाऱ्या पडद्यावर आकृती क्षणात ओळखू यायला हवी होती. युद्धात लांबून येणारं विमान आपलं की शत्रूचं हे नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखायला शिकलेल्या माणसाला ही गरज समजावून सांगावी लागली नसणार.

इंजिनांच्या बाबतीत त्याने घेतलेला निर्णय मला सगळ्यात आवडतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान. त्याला ढकलणारी ताकद कसली असेल हे त्याला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. पण एवढी ताकद ज्या यंत्रात आहे त्याच्या जवळपास माणसाने असू नये, इतकं तर कुणालाही कळावं. म्हणून इंजिनं धडात नाहीत. ती लांब, खांबांच्या टोकांवर, माणसांपासून दूर नेऊन ठेवलेली आहेत. शिवाय एखादं बिघडलं तर अख्खं नळकांडं सोडवून दुसरं चढवता यावं हाही हिशेब त्यात होता. विमानाचं इंजिन बदलताना पाहिलेल्या माणसाचा हा हिशेब आहे. जे यंत्र कसं चालतं हे माहीतच नाही, त्याची जागा त्याने त्याच्या धोक्यावरून ठरवली.

आर्थर क्लार्क आणि स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९६८च्या ‘२००१’ या चित्रपटातलं डिस्कव्हरी हे यान याच विचाराने चालतं: पुढे माणसांचा गोल, मध्ये लांब कणा, आणि अणुइंजिन मागे शेवटच्या टोकाला. तिथे सल्लागारांची फौज होती. आणि तरी तिथेही एक गोष्ट कारणाविरुद्ध झाली. अणुइंजिनाची उष्णता अवकाशात फेकून द्यायला मोठे पसरट पत्रे लागतात. क्लार्कच्या मंडळींना ते माहीत होतं. पण ते पत्रे पंखांसारखे दिसले असते आणि अवकाशात पंख कशाला, असं प्रेक्षक विचारतील म्हणून ते गाळले गेले. म्हणजे बरोबर गोष्ट चुकीची दिसेल म्हणून काढून टाकली. रॉडनबेरीची ‘पंख नकोत’ ही अट आणि ही भीती मुळात एकच.

एंटरप्राइजचं अंग गुळगुळीत आहे. आजच्या सिनेमातली यानं बघायची सवय झालेल्या डोळ्यांना ते रिकामं वाटतं. पाइप नाहीत, झाकणं नाहीत, तारांची गुंतावळ नाही. जेफ्रीजचा मुद्दा सरळ होता. जे बाहेर असेल ते दुरुस्त करायला माणसाला बाहेर जावं लागेल, आणि त्या जागी बाहेर जाणं म्हणजे जिवावर बेतणं. तेव्हा बिघडू शकेल असं सगळं आत ठेवा. आमच्या हेड ड्राफ्ट्समननी हे ऐकलं असतं तर त्यांनी न बोलता सही केली असती. आत मग अरुंद, सरपटत जायचे बोगदे आले, ज्यांत शिरून मुख्य इंजिनिअर स्कॉटी हातात काहीतरी अवजार घेऊन घाम गाळतो. त्या बोगद्यांना चित्रीकरण करणाऱ्या मंडळींनी गमतीने ‘जेफ्रीज ट्यूब’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढच्या मालिकांमध्ये ते अधिकृत नाव झालं. ज्याने दुरुस्तीवाल्याचा विचार केला त्याचं नाव कप्तानाच्या खुर्चीला न मिळता सरपटण्याच्या बोगद्याला मिळालं, यापेक्षा योग्य मान मला सुचत नाही.

अकरा वर्षांनी, १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला आणि फॅशन फिरली. त्या यानांच्या अंगावर रणगाड्यांच्या, विमानांच्या प्लास्टिक किटमधले शेकडो सुटे भाग चिकटवलेले होते. त्याने आकार अवाढव्य भासतो, हे खरं. ती युक्ती अफलातून आहे आणि मलाही ते मैलभर लांब जहाज डोक्यावरून जाताना बघायला मजा येते. पण त्यातल्या एकाही भागाला काम नाही. माझ्यासारखा माणूस बघत बसतो की या फटीत साठलेली धूळ कोण काढणार. अवकाशात अशी धूळ साठत नाही, हे मान्य. सवय जात नाही.

यानाच्या तबकडीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलेला आहे: एनसीसी-१७०१. ‘एनसी’ ही अमेरिकन नागरी विमानांच्या जुन्या नोंदणीक्रमांकांची सुरुवात. जेफ्रीजच्या स्वतःच्या वेकोवरही ती होती. दुसरा ‘सी’ त्याने सोव्हिएत विमानांवरच्या खुणांवरून उचलला, कारण इतक्या लांब जायचं तर दोघांना मिळूनच जावं लागेल असं त्याला वाटत होतं. शीतयुद्ध ऐन भरात असताना एका अक्षरात त्याने तह करून टाकला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. आकड्यांचं कारण त्याहून साधं. इंग्रजी आकड्यांतले ३, ६, ८ आणि ९ लांबून एकमेकांसारखे दिसतात, म्हणून ते टाळले; जे उरले त्यांतून १७०१ झाला. आमच्याकडे प्रिंट जुनी होऊन फिकी पडली की ३चा ८ व्हायचा आणि शॉपमधून फोन यायचा. त्यामुळे या नंबराबद्दल मला व्यवसायबंधूसारखा आदर आहे.

नाव मात्र जेफ्रीजचं नव्हे. रॉडनबेरीच्या पहिल्या मसुद्यात यान ‘यॉर्कटाउन’ होतं. ‘एंटरप्राइज’ हे तेव्हा अमेरिकन नौदलाच्या पहिल्या अणुशक्तीवरच्या विमानवाहू जहाजाचं नाव होतं. ते १९६१ मध्ये सेवेत आलं आणि १९६४ मध्ये इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलं. त्याची लांबी सुमारे ३४२ मीटर. दूरच्या ताऱ्यांकडे निघालेलं कल्पनेतलं यान ९४७ फूट, म्हणजे २८९ मीटर. खऱ्या जहाजापेक्षा आखूड! कल्पनाशक्तीला कुणी अडवलेलं नसताना जेफ्रीज त्याहून मोठा झाला नाही, ही मला संयमाची खूण वाटते. पुढच्या पिढ्यांनी तो पाळला नाही.

यानाचा प्रत्यक्ष आकार मात्र साडेतीन मीटरच्या आतबाहेर. आधी रिचर्ड डेटिनने तीन फुटांहून थोडा लहान नमुना करून दिला, मग बरबँकच्या एका कार्यशाळेत सुमारे अकरा फुटांचा मोठा नमुना तयार झाला आणि डिसेंबर १९६४ मध्ये स्टुडिओत पोचला. लाकूड, प्लास्टिक, पत्रा. वजन नव्वद किलोच्या घरात. पहिल्या चाचणी-भागासाठी चित्रीकरण झालं तेव्हा आत दिवे नव्हते. नंतर दिवे आले, खिडक्या उजळल्या, आणि इंजिनांच्या टोकांवर घुमटांमागे फिरती पाती, रंगीत दिवे आणि आरशाचे तुकडे बसवून आत काहीतरी घुसळतंय असा भास निर्माण केला गेला. या सगळ्याच्या तारा कुठून तरी बाहेर काढायला हव्या होत्या. त्या काढल्या डाव्या बाजूने. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर यायची ती उजवी बाजूच, आणि डावी बाजू रंगवून, सजवून पूर्ण करण्याची गरजच उरली नाही. यान उलट दिशेने जाताना दाखवायचं तर उजव्याच बाजूवर उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म उलटी करायची.

पैशाने यानाच्या गोष्टीही ठरवल्या. दर आठवड्याला एवढं मोठं जहाज नव्या ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. उतरण्यासाठी छोटी होडी असावी असं ठरलं, पण तीही वेळेत तयार होईना. तेव्हा माणसांना एका चौथऱ्यावर उभं करायचं, चमचमतं करायचं आणि थेट ग्रहावर पोचवायचं, असा मार्ग निघाला. ‘ट्रान्सपोर्टर’ हा त्या मालिकेतला सर्वांत अद्भुत शोध खर्चात कपात करताना लागला. त्याचा यानाच्या रूपावर झालेला परिणाम फार थोडे लोक लक्षात घेतात. जे कधी उतरणारच नाही त्याला पाय नकोत, चाकं नकोत, खालचं-वरचं असा भेद नको, वाऱ्याला कापणारं नाक नको. बारीक मानेवर तोललेली ती तबकडी शक्य झाली, कारण त्या यानाला आयुष्यात कधी जमीन लागणार नव्हती.

आता शंका. मी त्या यानाचा भक्त असलो तरी आंधळा नाही. मान फार बारीक आहे. जिथे सगळा ताण येणार नेमकं तिथेच जहाज सडपातळ. इंजिनं वजनाच्या मध्यापासून वर आहेत, म्हणजे ती साध्या रॉकेटसारखी ढकलत असती तर यान पुढे जाण्याऐवजी कोलांट्या मारत राहिलं असतं. जेफ्रीज स्वतःच एक किस्सा सांगायचा. त्याने रॉडनबेरीला दाखवायला हलक्या बाल्सा लाकडाचा छोटा नमुना केला होता, पण इंजिनांसाठी वापरलेल्या बर्चच्या गोल काठ्या जड पडल्या आणि दोरीला धरून उचलल्यावर नमुना उलटा झाला. रॉडनबेरीला तो उलटाच आवडला. त्याची समजूत घालण्यात जेफ्रीजची बरीच शक्ती गेली म्हणे. आणि मग तो कप्तानाचा कक्ष: जहाजाचा मेंदू, आणि तो नेमका तबकडीच्या माथ्यावर, पहिला मार बसेल अशा ठिकाणी. समुद्रावरच्या जहाजाचा ब्रिज वर असतो, कारण तिथून लांबचं दिसतं. इथे सगळं पडद्यावरच बघायचं आहे, तर तो पोटात का नाही? याला एकच उत्तर आहे, की वर असला म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला माणसं नेमकी कुठे बसलीत ते कळतं. हे जहाजबांधणीचं कारण नाही, गोष्ट सांगण्याचं आहे. मला ते पटतं, पण दुसऱ्या खात्यात.

याच ब्रिजवरून चाहत्यांमध्ये एक वाद आहे, आणि तो अस्सल ड्राफ्ट्समनचा वाद आहे. नमुन्यावर ब्रिजच्या मागे मधोमध लिफ्टचा फुगवटा दिसतो. सेटवर कप्तान समोर बघत बसलेला असताना लिफ्टचं दार त्याच्या बरोबर मागे नाही, बाजूला आहे. प्लॅन आणि एलेव्हेशन जुळत नाहीत! सेटवर दार तसं ठेवण्याचं कारण उघड आहे: आत येणारा माणूस कप्तानाच्या डोक्याआड गेला असता. पण सॅन दिएगोच्या विमान-कंपनीत काम केलेल्या फ्रान्झ जोसेफ नावाच्या गृहस्थांना हे सोडवेना. सत्तरच्या दशकात त्यांनी या न बांधलेल्या यानाचे बारा तावांचे संपूर्ण नकाशे काढले, मजल्यामजल्यानिशी, आणि १९७५ मध्ये त्यांचं तांत्रिक हस्तपुस्तिकेच्या थाटाचं पुस्तकही आलं, जे धडाधड खपलं. त्यात त्यांनी अख्खा ब्रिजच छत्तीस अंशांनी फिरवून टाकला. म्हणजे नकाशा जुळला, पण जहाज पुढे जातंय आणि कप्तान तिरका बघतोय. खाली एका मजल्यावर त्यांनी बोलिंगची गल्लीही दिली आहे. मी ते नकाशे पाहिले तेव्हा हसलो नाही. दोन ड्रॉइंग जुळत नसतील तर रात्री झोप येत नाही, हे मला ठाऊक आहे.

यानंतरच्या एंटरप्राइज मी कर्तव्यभावनेने पाहिल्या. १९७९च्या चित्रपटासाठी अँड्र्यू प्रोबर्ट, रिचर्ड टेलर आणि इतरांनी जुनंच यान सुधारून दिलं. खांब मागे झुकले, नळकांडी चपटी झाली, अंगावर मोत्यासारखी झाक असलेला रंग आला. त्यात कप्तान कर्क आणि स्कॉटी एका छोट्या पेटीत बसून गोदीतल्या यानाभोवती फिरतात, कितीतरी मिनिटं, कुणी काही बोलत नाही, जेरी गोल्डस्मिथचं संगीत वाजत राहतं. त्या प्रसंगाला लोक कंटाळवाणा म्हणतात. मला तो त्या चित्रपटातला एकमेव शहाणा प्रसंग वाटतो. १९८७च्या मालिकेत प्रोबर्टने काढलेली एंटरप्राइज सहाशे मीटरच्या वर गेली. तिच्यात कुटुंबं आहेत, शाळा आहेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. रेषा देखण्या, मानेतून तबकडी उगवल्यासारखी वाहती. पण तिथे इंजिनाच्या जवळ जायला भीती वाटत नाही, आणि एकदा ती भीती गेली की खांबांना काही अर्थ राहत नाही. ते तिथे आहेत कारण पहिल्या यानाला होते. वंशपरंपरेने आलेल्या नाकासारखे.

जेफ्रीजने शत्रूचं यानही काढलं, क्लिंगॉन लोकांचं लढाऊ जहाज. त्यात लांब मान, पुढे गोळा, मागे रुंद पसरट अंग. कारणं जवळपास तीच. इंजिनं बाजूला, माणसं पुढे. फक्त इथे सगळं खाली दबलेलं, झेप घेण्याच्या बेतात. त्याच माणसाने, त्याच कारणांनी, दोन स्वभाव काढले. एका बाजूला तटस्थ विचार आणि दुसऱ्या बाजूला व्यक्तिमत्त्व, अशी वाटणी करणाऱ्यांनी ही दोन यानं शेजारी ठेवून बघावीत.

सर्वांत गमतीचं प्रकरण खऱ्या जगात घडलं. १९७६ मध्ये नासाचं पहिलं स्पेस शटल तयार होत होतं आणि त्याचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठेवायचं घाटत होतं. मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, गोष्ट राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यापर्यंत गेली आणि नाव झालं ‘एंटरप्राइज’. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात पामडेल येथे ते कारखान्यातून बाहेर आणलं तेव्हा मालिकेतले नट समोर उभे होते, आणि त्यांच्यासमोर आलं काय? पंख असलेलं, मागे उभं शेपूट असलेलं यान. रॉडनबेरीने जे जे नको म्हटलं होतं ते झाडून सगळं. पंख अर्थातच बरोबर होते, कारण त्याला हवेतून उतरून धावपट्टीवर टेकायचं होतं. त्याला खरी इंजिनं मात्र कधी बसलीच नाहीत. ते हवेत सोडून उतरवण्याच्या चाचण्यांसाठी वापरलं गेलं, अवकाशात गेलं नाही, आणि आता न्यूयॉर्कमध्ये संग्रहालयात आहे. ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं ते लाकडाचं यान वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या संग्रहालयात आहे, आणि तेही अवकाशात गेलेलं नाही. पण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

वॉशिंग्टनच्या या नमुन्याचं आयुष्य एखाद्या जुन्या वाड्यासारखं गेलं. १९७४ मध्ये स्टुडिओने तो स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाला देऊन टाकला. दर काही वर्षांनी डागडुजी झाली, रंग चढले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तर कुणीतरी त्याच्या अंगावर पत्र्यांच्या सांध्यांच्या गडद रेषा ओढल्या, बहुधा त्याला ‘खरं’ दिसावं म्हणून. मूळच्या पेन्सिलीच्या रेषा जेमतेम दिसत होत्या. मधली काही वर्षं तो तळमजल्याखालच्या भेटवस्तूंच्या दुकानात काचेच्या पेटीत होता, पेले आणि कॅप यांच्या शेजारी. २०१४ ते २०१६ या काळात शेवटी नीट काम झालं. क्ष-किरणांनी आतली रचना बघितली, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं, आणि १९६७ साली चित्रीकरणाच्या वेळी तो जसा होता तसा केला. तबकडीचा वरचा पृष्ठभाग तेवढा आधीच्या सगळ्या रंगाऱ्यांच्या हातून सुटला होता. त्यावरचा साठच्या दशकातला मूळ रंग पाहून बाकीचा रंग जुळवला गेला. जुलै २०१६ मध्ये तो मुख्य दालनात आला, खऱ्याखुऱ्या उड्डाणांच्या यंत्रांच्या पंगतीत. लहान नमुना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हरवला होता. तो २०२३ मध्ये ऑनलाइन लिलावाच्या बाजारात अचानक निघाला आणि २०२४ मध्ये रॉडनबेरीच्या मुलाच्या हाती परत गेला.

मोठ्या नमुन्याची दुरुस्ती करणाऱ्यांनी एक गोष्ट केली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. डावी बाजू त्यांनी पूर्ण केली नाही. तारा बाहेर यायच्या ती जागा, कधीच न सजवलेलं ते अंग, जसं होतं तसं राहू दिलं. दालनात त्याच्याभोवती फिरता येतं म्हणतात. माझं तिकडे जाणं अजून झालेलं नाही. झालं तर मी आधी डाव्या बाजूला जाऊन उभा राहीन. उजवी बाजू ७९ भागांत पाहून झाली आहे.